बांबू जाळायचा नसतो

तिसरी काठीसुद्धा वाकली ती वाकलीच.

आसारामनं ती गच्चीवरच्या कोवळ्या उन्हात डोळ्यापुढं आडवी धरली आणि एक डोळा मिटून बुडापासून शेंड्यापर्यंत पाहिलं. कणसाच्या भारानं कललेल्या ज्वारीच्या ताटासारखा शेंडा एका अंगाला झुकला होता. काल संध्याकाळी त्यानं ती हवेत चारदा झटकून बघितली होती, तेवढंच काय ते तिनं काम केलं होतं. चांगली काठी वाकते आणि हात थांबला की परत सरळ होते. ही वाकत होती. सरळ व्हायचं मात्र तिच्या मनात येत नव्हतं.

“मोडली का?” जिन्यातून बायकोचा, केशरबाईचा आवाज आला.

“मोडली नाही. वाकली.”

“मंग बरं हाय की. तुमच्यावानीच झाली.”

आसाराम हसला नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्याची सगळी नोकरी पुस्तकं देण्यात, परत घेण्यात आणि जागेवर लावण्यात गेली होती. हातानं काही घडवायची सवय नव्हती. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मुलगा अजिनाथला कारखान्यातून सुट्टी मिळायची वाट पाहिली जायची. असा माणूस निवृत्तीनंतर बांबूची मासेमारीची काठी करायला बसला होता, आणि तीही साधी गळाची नव्हे.

साधी काठी म्हणजे एक लांब बांबू. दोरी बांधली, गांडूळ लावलं, झालं. ही निराळी. हिच्यासाठी बांबूच्या सहा लांब चिपा काढायच्या, प्रत्येक चीप रंध्यानं तासून तिकोनी करायची आणि सहाही एकमेकींना चिकटवून एक सलग काठी करायची. बुडाशी अंगठ्याएवढी जाड, शेंड्याला खराट्याच्या हिराएवढी बारीक. गळाला आमिष नसतं, पिसांची खोटी माशी असते. माशीला वजन नाही, म्हणून वजन दोराला. काठी हलवली की दोर हवेत मागं जातो, पुढं येतो, आणि माशी पाण्यावर अशी उतरते की माशालाही खरी वाटावी.

ही विद्या घरात आणली ती कारभारीअण्णांनी, आसारामच्या थोरल्या भावानं. अण्णा फौजेत सुभेदार होते. डोंगराळ मुलखात असताना एका साहेबानं त्यांना ही मासेमारी शिकवली आणि जाताना आपली बांबूची काठी देऊन गेला. पेन्शन घेऊन अण्णा नगरजवळ भिंगारला राहिले. वहिनी लवकर गेल्या, मूलबाळ झालं नाही. दर हिवाळ्यात ते राहुरीला यायचे आणि दोघं भाऊ मुळा धरणाच्या पाण्यावर जाऊन बसायचे. अण्णा दोर फेकायचे, आसाराम दगडावर बसून पुस्तक वाचायचा. मासे फारसे मिळायचे नाहीत. मिळाले तर अण्णा सोडून द्यायचे आणि केशरबाई दोघांना वेड्यात काढायची.

गेल्या वर्षी अण्णा घरात पडले ते नेमके काठीवर. काठी मोडली, आणि पडले कसे याचा तपास काढताना आजार सापडला. हातापायांचे स्नायू सुकत जाण्याचा. सुरुवात उजव्या हातापासून झाली होती. नगरचे डॉक्टर म्हणाले, औषध आहे तेवढं देतो, पण येता हिवाळा हात साथ देईल, पुढचं सांगवत नाही.

अजिनाथनं ऑनलाइन नवी काठी मागवून दिली. काळी, चकचकीत, पिसासारखी हलकी. अण्णांनी ती दोनदा फेकली आणि खाली ठेवली.

“चांगली हाय,” ते म्हणाले, “पण लई घाईची हाय. माझा हात पोचायच्या आधी तीच पळती. बांबू थांबतो. हाताची वाट बघतो.”

एवढंच बोलले. मागितली नाही. पण आसारामला ते ऐकवलं नाही. लहानपणी पाथर्डीकडच्या गावातून आई-बाप ऊसतोडीला जायचे, तेव्हा दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत घरी हे दोघंच असायचे. अण्णा स्वतः शाळा बुडवून भाकरी थापायचे आणि धाकट्याला दप्तर देऊन दाराबाहेर काढायचे. आसाराम ग्रंथालयात खुर्चीवर बसला तो त्या करपलेल्या भाकरींवर. उभ्या जन्मात भावासाठी आपण काय केलं, असं त्यानं स्वतःला विचारलं, तेव्हा आठवली ती फक्त धरणावर शेजारी बसून वाचलेली पुस्तकं. म्हणून, येत नसताना, त्यानं काठी करायला घेतली. हात जायच्या आत ती अण्णांच्या हातात पडली पाहिजे, एवढंच ठरवलं.

पहिल्या काठीला बांबू फोडतानाच फाट गाठीपाशी भलतीकडं पळाली. मग व्हिडिओ पाहून कळलं की एकदम पातळ चिपा काढायच्या नसतात. अर्ध्याचा अर्धा, त्याचा अर्धा करत जायचं, आणि फाट सरकायला लागली की जाड बाजू वाकवून तिला परत मधे आणायची. दुसरीच्या चिपांतून पिठासारखी भुकटी गळायला लागली. वखारीतला म्हातारा म्हणाला, “चांदन्यात तोडलेला बांबू दिसतोय, ह्याला भुंगा लागनारच. अंधाऱ्या पंधरवड्यातला न्या.” तो नेला. तर चिकटवताना वरून गुंडाळलेला दोरा एकाच बाजूनं आवळत गेला आणि सगळ्या काठीला पीळ बसला. दोरा दोन्हीकडून, फुलीसारखा आवळायचा असतो, हे ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात पुढच्या पानावर होतं. पुढचं पान आसारामनं नंतर वाचलं.

तिसरीत सगळं बरोबर होतं. चिपा सरळ, गाठी एकापुढं एक न येता मागंपुढं पडलेल्या, सांधे असे की नखसुद्धा शिरू नये. तरी ती वाकली.

कारण त्याला माहीत होतं. खरं तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याच पुस्तकात सुरुवातीलाच लिहिलं होतं की चिपा चिकटवण्याआधी विस्तवावर भाजाव्या लागतात. बांबूच्या पोटात मुरलेलं पाणी निघून गेल्याशिवाय त्याला ताठपणा येत नाही. ते पान आसारामनं वाचलं होतं आणि हळूच उलटलं होतं. बांबू जाळायचा नसतो. चुलीत नाही, शेकोटीत नाही, पाणी तापवायच्या बंबात नाही. वंश जळतो. हे त्याला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. विस्तवाला पाय लावायचा नसतो हे जसं कळतं तसंच हेही कळलेलं होतं.

आणि घरात सून सुकन्या लग्नानंतर सहा वर्षांनी पोटुशी होती. पाचवा महिना.

म्हणून आधी त्यानं उन्हाचा उपाय केला. महिनाभर चिपा गच्चीच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवल्या. मग सुकन्याकडं तिचं केस वाळवायचं मशीन मागितलं.

“नाना, तुम्हाला केस कुठं आहेत?” ती म्हणाली.

“मला नाही. बांबूला.”

ती पोटाला हात लावून हसली आणि स्वतःच मशीन धरून उभी राहिली. एकेका चिपेला वारा घालता घालता मशीनमधूनच वास यायला लागला. बांबू होता तसाच राहिला.

शेवटी त्या संध्याकाळी, तिसरी काठी कोपऱ्यात उभी करून, तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला.

“जाळायचा नाही,” तो म्हणाला. “फक्त शेकायचा. लोखंडी नळीत घालून. जाळ बांबूला लागतसुद्धा नाही.”

केशरबाईनं लाटणं खाली ठेवलं. “कुनाच्या बुकात लिव्हलंय?”

“एका इंग्रज माणसाच्या.”

“त्याची सून गरवार हुती का, बुक लिव्हलं तवा?”

“अगं, लाकडाचा आणि पोटातल्या बाळाचा काय संबंध?”

“तिरडीचा बांबूसुदिक सरनात घालीत न्हाईत. काढून ठिवत्यात बाजूला. मेल्या मानसासंगं जाळत न्हाईत अन् तुमी भरल्या घरात जाळता व्हय?” तिचा आवाज एकदम खाली आला. “सा वर्सं झाली. किती उपास धरले ते तुमाला म्हाईत न्हाई, कारन तुमी वाचीत बसलेले असता. एवढं बाळ हातात येऊ द्या, मंग सगळं बांबूचं बेट जाळा. मी काडी देते.”

“तोवर अण्णांचा हात राहणार नाही.”

तिनं पोळी तव्यावर टाकली. अण्णांचा हात राहणार नाही हे तिलाही कळत होतं, हे आसारामला दिसलं.

दिवाळी झाल्यावर तो नव्या चिपांची मोळी धोतराच्या पानात गुंडाळून भिंगारला निघाला. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलं होतं आणि कंडक्टर ‘नगर, नगर’ ओरडत होता. घरी त्यानं सांगितलं, अण्णांना दाखवून आणतो. ते खोटं नव्हतं. पण मोळीतल्या चिपा त्यानं आधीच दोऱ्यानं घट्ट बांधल्या होत्या, नळीत घालायच्या तशा. आणि दाखवायच्या चिपा कुणी असं बांधत नाही.

अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. शर्टाची वरची बटणं उघडी होती, कारण ती त्यांना लावता येत नव्हती, आणि स्वयंपाकाला येणाऱ्या बनुबाईला लावू देत नव्हते. आसारामनं बोलत बोलत, सहज केल्यासारखी, ती लावली. अण्णांनीही तिकडं लक्ष नसल्यासारखं दाखवलं.

मग आसारामनं सगळं सांगितलं. वाकलेली काठी, पुस्तकातलं पान, केशरबाईचं बोलणं.

“खरं हाय तिचं,” अण्णा म्हणाले. थोड्या वेळानं त्यांच्या मिशा हलल्या. “मंग हितं जाळ की.”

“इथं?”

“माझ्या दारात. माझं काय जळायचंय रे? पुढं ना मागं. मी शेवटचा जवान, माझ्यामागं पलटन संपली. आन ती नळी, परसात पडलीय नळाची. बनुबाई, कोळसा हाय का वो?”

“कोळसा हाय,” बनुबाई आतून म्हणाली, “पर बांबूला मी हात लावनार न्हाई. मला नातवंडं हायेत.”

“तुमाला कोन म्हनतंय हात लावा? दोन म्हातारे हायेत ना.”

आसारामच्या मनावरचं ओझं उतरलं. इतका सोपा मार्ग होता आणि आपल्याला सुचला नाही. जिथं पाळणा हलायचा नाही त्या दारात बांबू भाजला तर कुणाचं काय बिघडणार? केशरबाईचा शब्दही मोडत नव्हता, काठीही होत होती.

तो दिवस आसारामच्या आयुष्यातला फार चांगला दिवस होता. विटांवर नळी आडवी ठेवून त्यांनी खाली निखारे पसरले. आसाराम एका टोकानं नळी फिरवत राहिला. दुसऱ्या टोकाला अण्णांनी ओलं पोतं लावून डाव्या हातानं फिरवली. नळीच्या तोंडातून आधी वाफ आली, मग गुळाच्या काहिलीसारखा गोडसर करपट वास. “काढ,” अण्णा म्हणाले. “थोडं थांबू,” आसाराम म्हणाला. “पुस्तकात बघतोस का माझं ऐकतोस? काढ!” काढल्या तेव्हा चिपा भाजक्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगाच्या झाल्या होत्या. अण्णांनी एक चीप वाकवून सोडली. ती टणकन सरळ झाली. अण्णा लहान पोरासारखे हसले आणि म्हणाले, “आत्ता गं बाई!”

परत येताना एसटीत आसाराम खिडकीशी बसला आणि त्याला गाणं म्हणावंसं वाटलं. त्याला कुठलंच गाणं धड येत नव्हतं.

ती काठी झाली. कशी झाली हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं; एकदा बांबू सुका झाल्यावर बाकीचं सगळं आपोआप जागेवर बसत गेलं. दोर ओवायच्या बारीक कड्या रेशमानं बांधायच्या होत्या आणि आसारामच्या बोटांना ते जमेना, तेव्हा सुकन्यानं आपल्या साडीचे गोंडे करून उरलेलं तांबडं रेशीम काढलं. उशीला टेकून, काठी मांडीवर आडवी घेऊन, ती एकेक वेढा शेजारी शेजारी बसवत गेली.

“रंग कसा छान चढलाय, नाना. आधीच्या पांढऱ्या होत्या.”

“उन्हानं,” आसाराम म्हणाला.

“आमचं बाळ पण अण्णांकडून शिकेल हे.”

“शिकेल की.”

व्हार्निशचा शेवटचा हात वाळत होता, तेव्हा एका सकाळी सुकन्याला कळा सुरू झाल्या. अजिनाथ रात्रपाळीहून नुकताच आला होता. त्यानं शेजाऱ्याची गाडी काढली. नगरच्या दवाखान्यात दुपारपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर बाई तरुण होत्या आणि थकलेल्या होत्या. “असं काही वेळा होतं,” त्या म्हणाल्या. “कारण सापडतंच असं नाही. कुणाची चूक नसते.” केशरबाई बाकावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. तिनं आसारामकडं पाहिलं नाही. बाळाला अजिनाथ आणि त्याचे दोन मित्र घेऊन गेले. आसाराम बरोबर निघाला, तर अजिनाथ म्हणाला, “तुम्ही नका येऊ, नाना. आईजवळ थांबा.”

घरी आल्यावर आसारामनं काठी कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली.

कुणाची चूक नसते, हे वाक्य तो मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघायचा. ते खरं होतं. आयुष्यभर त्यानं पुस्तकांमध्ये दिवस काढले होते. निखाऱ्यावरच्या बांबूचा आणि चाळीस किलोमीटरवरच्या पोटातल्या जिवाचा काही संबंध नाही हे त्याला कळत होतं. पण कळणं एका खोलीत राहत होतं आणि तो दुसऱ्या खोलीत. पाण्याचा तांब्या उचलताना, चप्पल घालताना, मधेच त्याला तो गुळासारखा वास यायचा. आणि त्या दिवशी एसटीत आपल्याला गाणं म्हणावंसं वाटलं होतं, हे आठवलं की तो जिथं असेल तिथं थांबून राहायचा.

सुकन्यानं माहेरी जायला नकार दिला. ती खोलीत पडून असायची, नाहीतर मागच्या दारी बसायची. घरात बोलणं भांड्यांच्या आवाजापुरतं उरलं.

अण्णांचा फोन यायचा. सुकन्याची चौकशी करायचे. काठीचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. पण एकदा फोन धरायला बनुबाई लागली, मागून तिचा आवाज आला, “कानाला नीट लावू का?” आणि आसारामला समजलं, हात चालला.

त्या दुपारी तो माळ्याखाली स्टूल ठेवून उभा होता. चढावं की चढू नये हे त्याला ठरवता येईना. मागून केशरबाई म्हणाली, “घ्या की खाली. कुनासाठी ठिवलीय?”

तो स्टुलावरून उतरला. “केशर, तुला एक सांगायचंय. ती काठी...”

“म्हाईत हाय.”

“काय माहीत आहे?”

“तुमी भिंगारवरनं आला त्या दिशी सदरा धुतला मी. दोनदा धुतला. वास गेला न्हाई.” ती जमिनीवर बसली, दमल्यासारखी. “तवाच इचारनार हुते. पर तोंडातून काढलं तर खरं हुईल, म्हनून गिळलं. रोज पोरीची दिष्ट काढली. मीठ-मोहऱ्या सरल्या, पुन्ना आनल्या.”

“घरी नाही जाळला गं. अण्णांच्या दारात. मला वाटलं, तिथं कुणाचं...”

“तितं कुनाचं काय?” केशरबाईनं मान वर केली. “अन्नाचा वंश अन् आपला वंश काय दोन हायेत? एका आईच्या पोटचे ना तुमी? एवढी बुकं वाचली, एवढं कळलं न्हाई?”

हे आसारामच्या खरोखरच ध्यानात आलं नव्हतं. ज्याच्यावर आपला विश्वास नाही अशी रीत पाळायला तो गेला होता, आणि तीही त्याला धड पाळता आली नव्हती. दोन घरांत मिळून एकच पाळणा हलणार होता.

“माझंच चुकलं,” तो म्हणाला. “आपला वंश मी...”

“माझं बी चुकलं. तवाच बोलले असते, काय उतारा केला असता, तर वंशाचा दिवा...”

“आई.”

दारात सुकन्या उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक. केस विस्कटलेले, अंगावर अजिनाथची शाल.

“तुम्ही कुणाचं बोलताय?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तुमचा वंश, अण्णांचा वंश. माझं बाळ होतं ते.”

“अगं, तुझंच की बाई...”

“मुलगी होती.”

केशरबाईचा हात तोंडाकडं गेला.

“मुलगी होती, नाना. इतके दिवस झाले. घरात एकानं विचारलं नाही. तुम्ही वंश जळाला म्हणून रडताय, पण मुलगी झाली असती तर त्याला वंश म्हणाला असता का तुम्ही?” ती थांबली. तिला धाप लागली होती. “बांबूनं नाही झालं. मला माहीत आहे बांबूनं नाही झालं. मी त्या आठवड्यात टाकीवर चढले होते पाणी बघायला. तेही नाही, डॉक्टर म्हणाल्या तेही नाही. पण मलाही रोज काहीतरी सापडतंच.”

ती आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली आणि आसारामकडं न बघता म्हणाली, “ती काठी अण्णांना देऊन या. त्यांनी काय केलंय?”

अण्णांना भिंगारहून ओळखीच्या रिक्षातून धरणावर आणायला सकाळ मोडली. काठावर प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. पौषातलं ऊन होतं, पाणी स्वच्छ आणि दूरवर निळं. आसारामनं काठी अण्णांच्या हातात दिली. बोटं मिटेनात. तेव्हा त्यानं खांद्यावरचा पंचा फाडून पट्टी काढली आणि मूठ काठीला बांधली. कोपराखाली स्वतःचा हात धरला.

पहिली फेक पायाशीच पडली. दुसरी बाजूच्या बाभळीत अडकता अडकता राहिली. मग अण्णा म्हणाले, “तू धरू नको. नुसता टेकू दे,” आणि खांद्यातून, होतं नव्हतं ते गोळा करून, त्यांनी काठी मागं नेली. काठी वाकली. थांबली. दोर मागं पूर्ण उलगडेपर्यंत तिनं वाट पाहिली, मग पुढं आली आणि सरळ झाली. माशी लांब पाण्यावर उतरली. एक वर्तुळ उठलं, मोठं होत गेलं, विरलं.

“जमली रे,” अण्णा म्हणाले.

आयुष्यात आपल्या हातानं घडलेली ही एकच निर्दोष वस्तू, असं आसारामच्या मनात आलं, आणि त्याचा आनंद काही झाला नाही.

दोर पाण्यावर तरंगत राहिला.

“मुलगी होती, अण्णा,” आसाराम म्हणाला.

अण्णांनी पाण्यावरची नजर काढली नाही. “तवा म्हनलो, माझं काय जळायचंय,” ते म्हणाले. “हुतं की रे. माझंबी हुतं.”

“अण्णा, त्यानं काही होत नसतं. नसतं होत.”

“न्हाई होत. मलाबी म्हाईत हाय.” मग त्यांनी विचारलं, “नाव ठरीवलं हुतं का पोरांनी?”

“माहीत नाही.”

“इचारलं न्हाईस?”

“नाही.”

“इचार,” अण्णा म्हणाले आणि बांधलेली मूठ पुढं केली. “सोड आता. दुखायलं.”

आसारामनं पट्टी सोडली. बोटं काठीवर जशी होती तशीच राहिली. ती एकेक करून उचलावी लागली.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सुकन्या मागच्या दारी मेथी निवडत बसली होती. आत केशरबाई दळणाचा डबा भरत होती. आसाराम पायरीवर बसला. बोलायला सुरुवात कशी करावी हे त्याला कधीच आलं नव्हतं.

“सुकन्या,” तो शेवटी म्हणाला. “तिचं नाव ठरवलं होतं का तुम्ही?”

तिचे हात थांबले. तिनं त्याच्याकडं पाहिलं, बराच वेळ, जणू हा माणूस कोण आहे ते ओळखायचा प्रयत्न करावा तसं.

“ठरवलं होतं,” ती म्हणाली. “दोघांनी मिळून. मुलगीच होणार असं आम्हाला वाटायचं.”

तो वाट बघत राहिला.

“पण सांगणार नाही, नाना. सांगितलं की सगळे त्या नावानं हळहळायला लागतील. ते आमच्याजवळच राहू दे.”

“बरं,” आसाराम म्हणाला.

“विचारलंत, तेवढं पुरे.”

तिचे डोळे भरून वाहायला लागले. तिनं ते पुसले नाहीत, मेथी निवडत राहिली. आसारामला उठून जावंसं वाटलं आणि जाववेना. त्यानं ढिगातली एक जुडी ओढून घेतली आणि तोही पानं खुडू लागला. त्याला ते काम येत नव्हतं. पानांबरोबर जाड देठही येत होते. सुकन्या त्याच्यापुढची पानं मधून मधून आपल्याकडं ओढायची, देठ वेगळे काढायची आणि काही न बोलता ती भाजी आपल्या ढिगात टाकायची.